पोरीला पडायचीही मुभा हवी

मार्चमधल्या एका रविवारी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या गावाच्या स्टँडवर लागलेला बॅनर. वर बुद्ध, जोतिबा, सावित्रीमाई आणि बाबासाहेब. मधोमध हेल्मेट घातलेली, चिखलाने माखलेली माझी सोळा वर्षांची भाची. खाली मोठ्या अक्षरांत, राज्यस्तरीय माउंटन बाईक स्पर्धेत रौप्यपदक मिळवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुकांच्या यादीत बावीस नावं. त्यात माझंही होतं आणि नावापुढे 'पीएच.डी., हैदराबाद' असं छापलं होतं. माझी अजून तीन प्रकरणं लिहायची बाकी आहेत, पण गावाने पदवी देऊन टाकली होती.

मी तो फोटो लगेच स्टेटसला ठेवला. हॉस्टेलच्या मेसमध्ये चौघींना दाखवला. माउंटन बाईक म्हणजे काय हेही त्यांना समजावून सांगितलं. खडक, मुळं, ओढे, उभे चढ आणि अंगावर येणारे उतार अशा वाटेवरून सायकलच्या फेऱ्या मारायच्या. हा खेळ 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे. आणि आमची पोर त्यात महाराष्ट्रात दुसरी आली आहे.

समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला बॅनर दिसला की टीका सुचते. मला आधी त्या बॅनरच्या बाजूने बोलायचं आहे.

आमचे आजोबा नाशिकरोडच्या मालधक्क्यावर हमाली करायचे. त्यांनी जुनी सायकल घेतली, तेव्हा वस्तीत ती दुसरीच सायकल होती. कामावरून परतताना गावाची वेस आली की ते सायकलवरून उतरायचे. चावडी आणि पाटलांची आळी ओलांडेपर्यंत सायकल हातात धरून चालायचे आणि वस्तीचा रस्ता लागला की पुन्हा बसायचे. एकदा दमले होते म्हणून उतरले नाहीत, तर दुसऱ्या दिवशी दोन्ही चाकांचे स्पोक तोडलेले सापडले. ही गोष्ट आजोबांनी आम्हाला कधी सांगितली नाही. आजीने सांगितली, तीही ते गेल्यानंतर. देशभरातल्या किती घरांत अशी एक सायकल असेल, हे या पानाच्या वाचकांना मी सांगायला नको.

त्या घरातली पोर आज त्याच रस्त्यावरून सायकल पळवते आणि तिचा फोटो स्टँडवर लागतो. दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, डोळ्यांत पाणी आलं तर त्याला कोण नावं ठेवणार? ज्यांना शतकानुशतकं मान खाली घालायला शिकवलं गेलं, त्यांच्या घरातला अभिमान आणि ज्यांना जन्मतःच मान मिळतो त्यांच्या घरातला अभिमान एकाच तराजूत तोलता येत नाही. आमचा अभिमान ही एका जुन्या अपमानाची भरपाई आहे.

पण त्या बॅनरनंतर बारा दिवसांनी मला रात्री अकराला फोन आला. "आत्या, घरी सांगू नको."

सरावाच्या वेळी ती उतारावर पडली होती, उजव्या हातावर. मनगट दुखत होतं, पण सूज फारशी नव्हती, म्हणून चिकटपट्टी गुंडाळून आठवडाभर ती तशीच सायकल चालवत होती. गिअर बदलताना अंगठा हलत नव्हता. "आता राष्ट्रीय स्पर्धेसाठी वस्तीतून वर्गणी गोळा झालीय. पप्पांनी पतपेढीतून कर्ज काढलंय. बॅनर लागलाय. आता कसं सांगू?"

मी तिला रागावणार होते, पण शब्द फुटला नाही. कारण चार वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं. माझी फेलोशिप आठ महिने अडकली होती. मैत्रिणींकडून उसने घेऊन मी मेसचे पैसे भरत होते आणि दर रविवारी आईला फोनवर "सगळं छान चाललंय" म्हणत होते. त्याआधी पहिल्या प्रयत्नात नेट निघाली नव्हती, तेव्हा निकाल लागलाच नाही असं महिनाभर सांगितलं होतं. आईला वाईट वाटेल एवढंच कारण नव्हतं. वस्तीतल्या मुलींना आया माझं उदाहरण द्यायच्या. मी नापास झाले तर त्या मुलींचं शिक्षणही माझ्यासोबत नापास होईल, असं मला वाटायचं.

आपल्यापैकी जे घरातले पहिले पदवीधर आहेत, त्यांना हे ओझं ओळखीचं असणार. आपण एकटे कधी पास होत नाही आणि एकटे नापासही होत नाही. सवर्ण घरातला मुलगा हरला तर तो एक मुलगा हरतो. आपलं पोर हरलं की जात हरली, असं समजणारे लोक बाहेर टपलेलेच असतात. ऑगस्ट 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात भारताच्या महिला हॉकी संघाचा अर्जेंटिनाकडून पराभव झाला. हरिद्वारजवळच्या रोशनाबादमध्ये वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके फोडले गेले, जातिवाचक शिवीगाळ झाली, अशी तक्रार तिच्या कुटुंबाने पोलिसांत दिली आणि गुन्हा दाखल झाला. त्याच स्पर्धेत काही दिवस आधी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिने हॅटट्रिक केली होती. ऑलिंपिकमध्ये अशी कामगिरी करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. अख्खा संघ हरला होता, पण फटाके एकाच घरासमोर वाजले.

जिंकल्यावरही बाहेरची नजर सरळ नसते. मे 2020 च्या टाळेबंदीत पंधरा वर्षांच्या ज्योती कुमारीने जखमी वडिलांना जुन्या सायकलवर मागे बसवून गुरुग्रामहून बिहारमधल्या दरभंग्यापर्यंत सुमारे 1200 किलोमीटर आणलं. देशाने टाळ्या वाजवल्या, परदेशातून कौतुकाचं ट्वीट आलं, सायकलिंग फेडरेशनने चाचणीसाठी बोलावलं. एका दलित मुलीवर ही वेळ का आली, हा प्रश्न त्या टाळ्यांमध्ये बुडाला. आपलं हाल सोसणं त्यांना 'जिद्द' म्हणून दिसतं.

तर बाहेर हरण्याची सोय नाही आणि जिंकणं नीट समजून घेतलं जात नाही. मग उरतं घर. घरात तरी हरायला, पडायला, थांबायला जागा आहे का? माझं म्हणणं एवढंच आहे की आपला कौटुंबिक अभिमान ही जागा नकळत संपवतो आहे आणि ती पुन्हा तयार करणं आपल्याच हातात आहे.

त्यासाठी आधी अभिमानाची भाषा तपासावी लागेल. सत्काराच्या दिवशी आमचे चुलते माइकवर म्हणाले, "सायकल हे निमित्त आहे. पोरीच्या रक्तातच जिद्द आहे." टाळ्या पडल्या. पण रक्तात गुण असतात हे कुणाचं तत्त्वज्ञान? ज्या विचाराने आजोबांना सायकलवरून उतरवलं, तो विचारही रक्ताचंच नाव घेत होता. आपण तोच शब्द उचलून आपल्या पोरीच्या गळ्यात घातला. आणि एकदा जिद्द रक्तात आहे असं ठरलं, की मनगट मोडल्यावर थांबणारी पोर रक्ताला बट्टा लावणारी ठरते.

शिवाय सायकल हे निमित्त नाही. या खेळात सायकल बरंच काही ठरवते. दुकानात पंधरा-वीस हजारांत मिळणारी गिअरची सायकल पंधरा-सोळा किलोची असते आणि खऱ्या उतारावर तिचे ब्रेक भरवशाचे नसतात. शर्यतीत टिकणारी सायकल लाखाच्या पुढे जाते. भाचीची सायकल एका निवृत्त खेळाडूने अर्ध्या किमतीत दिलेली आहे. दादा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहे. तिचे बेअरिंग, चेन, ब्रेक तोच बघतो. वहिनीने दोन वर्षं पहाटे चारला उठून डबा दिला. समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून दादाने आयटीआय केलं नसतं, तर तो मेकॅनिक झाला नसता. ही सगळी माणसं आणि एक सरकारी योजना त्या पदकात आहे. बॅनरवर मात्र 'जिद्द आणि चिकाटी' एवढंच लिहिलं होतं.

गंमत म्हणजे या खेळाची सुरुवातच जुन्या सायकलींवर झाली. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुण जुन्या, जड सायकली दुरुस्त करून डोंगरावरून खाली सोडायचे. दादा त्यांच्यात सहज खपला असता. आज त्याच खेळात आंतरराष्ट्रीय शर्यत सुटते तेव्हा सगळे एकाच वेळी सुटतात, पण सगळे एका ओळीत उभे नसतात. ज्याचं रँकिंग वर, तो पुढच्या रांगेत, नवखा मागे. पुढे वाट अरुंद होते आणि मागच्याला ओलांडायला जागा मिळत नाही. मेरिटवर वाद घालणाऱ्यांना मी हल्ली हे उदाहरण देते. शिट्टी सगळ्यांसाठी एकच वाजते, पण तुम्ही कितव्या रांगेत उभे होता हेही विचारावं लागतं.

मग अभिमान बाळगायचा तरी कसा? उत्तर आपल्याच इतिहासात आहे. 1907 मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. अस्पृश्य समाजातल्या मुलाचं ते मोठं यश होतं, म्हणून मुंबईत त्यांचा सत्कार झाला. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे केळुसकरांनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. त्या सत्कारात गौरव होताच, पण हातात एक पुस्तक आलं आणि पुढच्या शिक्षणाची सोयही झाली. सत्कार करणाऱ्यांनी मुलाला फक्त 'आता मोठा हो' असं सांगितलं नाही, मोठं होण्याच्या खर्चात स्वतः उतरले.

आपले सत्कार असे आहेत का? शाल, श्रीफळ, बॅनर, फोटो आणि मग "आता ऑलिंपिक आणायचं." आमच्या कार्यक्रमात एकानेही विचारलं नाही की पोरीचा विमा आहे का, पडली तर कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, अकरावीचा अभ्यास कधी करते. मीही विचारलं नाही. मी स्टेटस ठेवलं.

त्या रात्री मी भाचीला एवढंच म्हटलं की घरी तू सांग, मी सोबत फोनवर राहते. तिने सांगितलं. बराच वेळ दादा काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "आधी का नाही सांगितलंस?" आणि लगेच स्वतःच म्हणाला, "कसं सांगणार. मीच तर गावभर सांगत सुटलो होतो." दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला. अंगठ्याच्या मुळाशी असलेलं छोटं हाड मोडलं होतं. या हाडाला रक्तपुरवठा कमी असतो, दुर्लक्ष केलं तर ते जुळतच नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. प्लास्टर लागलं, राष्ट्रीय स्पर्धा हुकली.

वर्गणीचे पैसे परत करायला दादा वस्तीत घरोघर गेला. जी बातमी कुणाला कळू नये म्हणून पोर आठवडाभर दुखणं गिळत होती, ती त्याने स्वतः प्रत्येक उंबऱ्यावर सांगितली. बहुतेकांनी पैसे परत घेतले नाहीत. शेजारच्या म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, "औषधाला लाव. पोरगी हाय, मशीन न्हाई." माइकवरच्या सगळ्या भाषणांपेक्षा मला हे वाक्य जास्त आंबेडकरी वाटलं.

म्हणून, वाचणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, घरातल्या धाकट्यांचे बॅनर जरूर लावा. आपल्या आजोबांना जिथे उतरावं लागलं तिथेच लावा. पण त्या पोराला किंवा पोरीला बाजूला घेऊन हेही सांगा की हे नाही जमलं तरी घर तुझंच आहे. आणि आपण स्वतः कधी हरलो, कुठे अडकलो, काय लपवलं, तेही सांगा. आपली यशोगाथा त्यांना पाठ आहे. नापास झालेला महिना त्यांना माहीत नाही. मी माझा या लेखात पहिल्यांदाच सांगते आहे. आईला तो याच आठवड्यात फोनवर सांगितला.

भाचीचं प्लास्टर निघालंय. परवा म्हणाली, "आत्या, आता उतारावर भीती वाटते." मी विचारलं, "पप्पांना सांगितलंस?"

"हो," ती म्हणाली. "ते म्हणाले, मग थोडे दिवस सपाटीवरच चालव."