अकरावी-बारावीची दोन वर्षे कोणाची?

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

बारावीचा निकाल लागला की आपल्या मावळात दोन प्रश्न विचारले जातात. 'किती पडले?' हा पहिला आणि 'आता कुठे?' हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मंडळ देते. दुसऱ्याचे उत्तर बहुतेक घरांत एस.टी.चे वेळापत्रक देते. जिथे जायला सकाळी गाडी मिळते आणि दिवेलागणीच्या आत जी घरी आणून सोडते, ते महाविद्यालय चांगले. आणि तिथे ज्या शाखेत जागा आहे ती शाखा आपली. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. माझा प्रवेशही याच रीतीने ठरला. पुढे या शाखेची गोडी लागली, म्हणून माझी तक्रार नाही. पण गोडी लागली हा योगायोग होता. साऱ्या तालुक्याच्या मुलांचे शिक्षण योगायोगावर सोडून द्यावे का, एवढेच मला या लेखात विचारायचे आहे.

दहावीपर्यंत मूल शाळेचे असते. पदवीच्या वर्गात ते महाविद्यालयाचे होते. मधली दोन वर्षे मात्र ते कोणाचेच नसते. शाळा म्हणते, आमचे काम संपले. वरिष्ठ महाविद्यालय म्हणते, आमचे अजून सुरू व्हायचे आहे. त्या दोन वर्षांत मूल काय करते? अपेक्षित प्रश्नसंच पाठ करते. परीक्षा कशी द्यायची हे त्याला शंभरदा सांगितले जाते. परीक्षेनंतर काय करायचे हे एकदाही नाही.

प्रवेशाच्या अर्जाचेच पाहा. २०२२ सालापासून देशातल्या केंद्रीय विद्यापीठांत पदवीच्या प्रवेशासाठी एक सामायिक परीक्षा होते. दिल्ली, हैदराबाद, बनारस येथील विद्यापीठांची दारे त्या परीक्षेतून उघडतात. ही परीक्षा तेरा भाषांतून देता येते आणि त्यांत मराठी आहे! ही गोष्ट मला कधी कळली? पदवीच्या पहिल्या वर्षाला असताना, ग्रंथालयात वर्तमानपत्र चाळताना. माझ्या वर्गातल्या किती जणांना ती बारावीत माहीत होती, असे मी विचारून पाहिले. एकही हात वर आला नाही. अलीकडच्या वर्षांत त्या परीक्षेचे अर्ज बारावीच्या परीक्षेच्या धामधुमीत, म्हणजे निकालाच्या कितीतरी आधी भरावे लागले आहेत. निकाल हातात घेऊन 'आता कुठे?' असे विचारणाऱ्या घरासाठी ती गाडी केव्हाच सुटलेली असते.

इतके दूर कशाला जायचे? पुण्यात १८८५ साली स्थापन झालेले फर्ग्युसन महाविद्यालय आहे, १९३० साली स्थापन झालेली गोखले अर्थशास्त्र संस्था आहे. लोणावळ्याहून लोकलने जाऊन येण्याच्या अंतरावरच्या या संस्था आमच्या वाडीला दिल्लीइतक्याच दूर वाटतात. भाडे परवडते, पण तिथे अर्ज करायचा असतो, त्याची तारीख वेगळी असते, हे सांगणारे कोणी नसते.

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे. सगळे त्यात आहे. आहे खरे. पण फोनमध्ये शोधायचे तर काय शोधायचे ते आधी माहीत असावे लागते. ज्याच्या घरी कोणी शिक्षक आहे, अभियंता आहे, त्याला ही माहिती जेवणाच्या ताटावर मिळते. आमच्या घरी ताटावर कालवण आणि भात मिळतो, आणि आईवडिलांचा जीव मिळतो. माहिती मिळत नाही. त्यात त्यांचा दोष काय? २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. दहापर्यंत महाविद्यालयांची पसंती क्रमाने द्यायची होती. आमच्या बाजूच्या गावातल्या एका मुलीचा पसंतीक्रम नेटकॅफेवाल्या दादाने ठरवला. त्याने आपुलकीने ठरवला, पण शेवटी ठरवला त्याने.

आणि दाखले! उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास. वडगावच्या तहसील कचेरीत आणि सेतू केंद्रात जून-जुलैत जी रांग लागते ती भातलावणीच्या दिवसांत लागते. वडिलांनी आवण उपटायचे की रांगेत उभे राहायचे? शिष्यवृत्ती त्या एका कागदावाचून अडते आणि मग 'पोरीचे नशीब' म्हणून सोडून दिले जाते. हेच दाखले डिसेंबरात, कापणी-झोडणी उरकल्यावर काढा, असे बारावीच्या वर्गात एकदा सांगितले असते तर? दाखल्याची मुदत नीट पाहून घ्यावी लागते, पण निम्मी कामे तरी आधी उरकली असती. एवढ्या साध्या गोष्टीसाठी कोणत्याही शासकीय योजनेची गरज नाही.

अर्ज ही झाली अर्धी गोष्ट. दुसरी अर्धी मला अधिक महत्त्वाची वाटते. समजा अर्ज भरला, प्रवेश मिळाला. तिथे गेल्यावर काय? तिथे मुलांना स्वतः वाचायला सांगतात, स्वतः प्रश्न काढायला सांगतात. त्याची सवय आपल्याला कुठे लागते?

तशी सोय कागदावर आहे. अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण आणि जलसुरक्षा हा विषय सक्तीचा आहे आणि त्यात प्रकल्प करावा लागतो. प्रकल्प म्हणजे खरे तर संशोधनाची पहिली पायरी. प्रत्यक्षात काय होते ते आपण सारे जाणतो. गेल्या वर्षीची वही यंदाच्या वहीत उतरते, मुखपृष्ठावर चित्र चिकटते, आणि श्रेणी मिळते. एका कनिष्ठ महाविद्यालयातली अशी एक वही मी पाहिली. विषय होता नदीचे प्रदूषण. वहीतली नदी पंचगंगा होती. जिने ती वही उतरवली ती मुलगी रोज इंद्रायणीचा पूल ओलांडून महाविद्यालयात येते! पुलावरून खाली पाहिले असते तरी चार ओळी स्वतःच्या लिहिता आल्या असत्या. पण तसे करायला तिला कोणी सांगितले नव्हते, आणि वही तपासणाऱ्यानेही 'बाई, ही पंचगंगा आली कुठून?' असे विचारले नव्हते.

इंग्लंडमध्ये आपल्या अकरावी-बारावीच्या वयाच्या वर्गाला 'सिक्स्थ फॉर्म' म्हणतात. तिथल्या मुलांना इच्छा असेल तर एक स्वतंत्र प्रकल्प घेता येतो. विषय विद्यार्थ्याने निवडायचा, साधारण १२० तास काम करायचे, बहुतेक वेळा पाच हजार शब्दांचा निबंध लिहायचा आणि शेवटी तो लोकांपुढे मांडून प्रश्नांना उत्तरे द्यायची. विद्यापीठात अर्ज करताना त्याचा उपयोग होतो. तिथे पैसा आहे, ग्रंथालये आहेत, हे मान्य. पण त्या पद्धतीतली मोलाची गोष्ट पैशाची नाही. 'हा विषय तू का घेतलास?' असा प्रश्न कोणीतरी मुलाला विचारतो, ही ती गोष्ट. हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि मावळात विषयांचा काय तोटा? कार्ल्याच्या लेण्यातील शिलालेखांत 'मामाल' असा प्रदेशाचा उल्लेख येतो. ते आपल्या मावळाचेच जुने नाव, असे अभ्यासक मानतात. म्हणजे आपल्या तालुक्याचे नाव जवळजवळ दोन हजार वर्षे दगडावर आहे. तिथल्या खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवनांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. हे धेनुकाकट कुठले, याचा शोध घेणाऱ्यांत दामोदर कोसंबी होते. ते व्यवसायाने गणिती. पुण्यात राहत आणि मुंबईला टाटा संस्थेत डेक्कन क्वीनने जात. पण पायी हिंडून त्यांनी लेणी, जुन्या व्यापारी वाटा, देवींची ठाणी पाहिली आणि लेण्याशेजारीच देवीचे ठाणे का, असे प्रश्न विचारले. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या ग्रंथात ही भटकंती आहे. एकवीरेच्या यात्रेला आपण दरवर्षी जातो. लेणे आणि देऊळ आपल्यालाही शेजारी-शेजारी दिसतात. प्रश्न मात्र आपल्याला पडत नाही.

लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले. आसनांनी शरीरात नेमके काय होते हे त्यांनी क्ष-किरणांसारख्या साधनांनी तपासले आणि त्यासाठी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले. आपण ज्या इंद्रायणी भाताचा अभिमान सांगतो, तो आंबेमोहोर १५७ आणि आय.आर. ८ यांच्या संकरातून निघालेला वाण. तो १९८७ साली लागवडीसाठी आला आणि त्यामागे आपल्या वडगावच्या संशोधन केंद्राचे काम आहे. ज्या ताटाबद्दल मी वर लिहिले त्या ताटातला भातसुद्धा संशोधनाचा आहे!

सर्वांत जवळचे उदाहरण आमच्या आज्यांचे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून मुळशी-मावळ भागातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे महाराष्ट्रभर हिंडून हा संग्रह एक लाखाच्या वर गेला. गोळा करणाऱ्यांत खेड्यांतल्या साध्या बायाही होत्या. ज्यांना सही करता येत नव्हती त्यांच्या ओव्या आज जगभरचे अभ्यासक वाचतात, आणि त्यांच्या नाती परगावच्या नदीचा प्रकल्प उतरवून काढतात.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला घरून : संशोधन करून पोट भरते का? तळेगाव-चाकणच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणजे झाले. हा आक्षेप मी थट्टेवारी नेणार नाही, कारण पोट खरे आहे. पण आपल्या भागात गेल्या काही दशकांत जमिनींचे काय झाले ते पाहा. द्रुतगती मार्ग आला, बंगले आले, धरणाच्या काठाला विसाव्याची ठिकाणे आली. किती घरांनी कागद न वाचता अंगठे आणि सह्या केल्या? सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा एक रकाना असतो. त्यात कोणाचा बोजा आहे, कोणाचे कूळ आहे, ते लिहिलेले असते. तो फेरफार केव्हाचा, कशावरून झाला, हे शोधून काढणे हेही संशोधनच. जुना कागद मिळवायचा, त्याची दुसऱ्या कागदाशी गाठ घालायची, म्हाताऱ्यांना विचारायचे आणि मग आपले मत बनवायचे. ही विद्या ज्या पोराला अकरावीत आली, त्याच्या बापाला एजंट सहजी फसवू शकणार नाही. पवना धरणात गेलेल्या जमिनींची कहाणी, ९ ऑगस्ट २०११ रोजी बंद जलवाहिनीच्या विरोधात उभे राहिलेल्या शेतकऱ्यांवर झालेला गोळीबार आणि त्यात गेलेले तीन जीव, हे सारे आपल्या घराच्या ओट्यावर बसून लिहून घेण्याजोगे आहे. आपण लिहून घेतले नाही तर ते आजोबांबरोबर जाईल.

दुसरा आक्षेप गुरुजनांचा : वर्गात मुले फार, शिक्षक थोडे, त्यातही कित्येक तासिका तत्त्वावर, आणि मुलांनाच जिज्ञासा नाही. पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. दुसऱ्याविषयी मात्र माझे नम्र म्हणणे वेगळे आहे. १८५५ साली मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या शाळकरी मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त छापून आला. ती जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकत होती. तिच्या घरी ग्रंथसंग्रह नव्हता. जे दिसत होते, सोसले जात होते, त्याबद्दल विचारण्याची मुभा तिला शाळेने दिली होती. जिज्ञासा नसते असे नाही. तिला कोणी विचारत नाही.

मग करायचे काय? मोठ्या सूचना करण्याचा माझा अधिकार नाही. आपल्या आवाक्यातल्या तीन करते.

पहिली. नव्या शैक्षणिक धोरणाने आपल्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभागाचे काम आणले आहे. त्याची वही भरण्याऐवजी आपण दोघे-दोघे मिळून आपापल्या गावाजवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात जाऊ. प्रवेशपरीक्षा, अर्जांच्या तारखा, दाखले, वसतिगृहे, 'कमवा आणि शिका' योजना, शिष्यवृत्त्या यांचा एक तक्ता मराठीत करू आणि दर महिन्याला तो नवा करून फळ्यावर लावू. दिवाळीनंतर एक दिवस दाखल्यांसाठी बसू.

दुसरी. कनिष्ठ महाविद्यालयांच्या अध्यापकांना विनंती की प्रकल्प दोन पानांचाच असू द्या, पण विषय मुलाच्या गावातला असावा. आणि वही तपासताना प्रत्येकाला तोंडी एक प्रश्न विचारावा. 'हे तुला कोणी सांगितले?' एवढा विचारला तरी पुष्कळ. उतरवलेली वही त्या एका प्रश्नापुढे टिकणार नाही.

तिसरी. आपल्या ग्रंथालयाचे दार आठवड्यातून एक दुपार अकरावी-बारावीच्या मुलांना उघडे असावे. पुस्तक घरी न्यायला नको. बसून वाचू द्या. सूची कशी पाहायची, संदर्भ कसा टिपायचा, हे आम्ही दाखवू.

चार वर्षांच्या नव्या पदवीत शेवटचे वर्ष संशोधनाचे घेता येते; त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. ज्याला संशोधन हा शब्द सहाव्या सत्रात प्रथम ऐकू येईल त्याला ती वाट बंद झालेली असेल. ज्याने अकरावीत गावच्या विहिरीचे पाणी बारा महिने मोजले असेल, त्याला निदान ती वाट आहे हे ठाऊक असेल.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी बहुतेकजण आपल्या घरातले पहिले आहोत. आपल्याला सांगणारे कोणी नव्हते. आपल्या मागून येणाऱ्यांना तरी असे म्हणावे लागू नये. ज्यांना या कामात यायचे असेल त्यांनी ग्रंथालयाच्या टेबलावरच्या वहीत आपले नाव आणि गाव लिहावे. आंदर मावळासाठी एक नाव लिहून झाले आहे. नाणे मावळ आणि पवन मावळ अजून रिकामे आहेत.