पैनगंगेतील मासे व कासवांमधील पाऱ्याच्या तपासणीबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, यवतमाळ
(मार्फत : मा. तहसीलदार, उमरखेड)

विषय : पाण्याबरोबरच मासे, गाळ व कासवांचे नमुने तपासणे.

महोदय,

आम्ही ढाणकी व पैनगंगाकाठच्या गावांतील मच्छीमार, शेतकरी आणि नागरिक. नुसते पाणी तपासून नदीतल्या पाऱ्याचा अंदाज येत नाही, म्हणून हे निवेदन.

पाण्यात पारा नाममात्र असला तरी गाळातले जिवाणू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. तो शेवाळातून किड्यांत, लहान माशांत, मग मोठ्या माशांत जातो आणि प्रत्येक टप्प्यावर वाढतो. शिजवून, तळून तो जात नाही. समुद्री कासवांच्या अभ्यासातही हेच दिसते. खेकडे-शिंपले खाणाऱ्या लॉगरहेड कासवांत सागरी गवतावर जगणाऱ्या प्रौढ हिरव्या कासवांपेक्षा साधारणपणे जास्त पारा आढळतो. आमच्या नदीत हाच धोका कटल्यापेक्षा मरळीत अधिक, कारण मरळ इतर मासे खाते. आजारातून उठलेल्याला ताकद यावी म्हणून घरोघरी आणली जाते तीही मरळच.

मिथिल पारा गर्भातील बाळाच्या मेंदूला इजा करतो. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघड झालेला आजार मासे-शिंपल्यांतूनच माणसांत पोचला होता. त्या शहराच्या नावाचा पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१८ मध्ये मान्य केला आहे. जवळ कारखाना नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही. कोळसा जाळल्यावर हवेत गेलेला पारा फार दूरवर पावसाबरोबर उतरतो.

म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळ व मत्स्यव्यवसाय विभागामार्फत सहस्रकुंडापर्यंतच्या पात्रातील मरळ, कटला व गाळाचे नमुने उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तपासावेत. पैनगंगा अभयारण्यात मृत सापडणाऱ्या कासवांचे नमुनेही वन विभागाने प्रयोगशाळेत पाठवावेत. जिवंत कासवाला हात लावायचा तर वन्यजीव कायद्यानुसार परवानगी घेऊन नखाचे टोक तेवढे घ्यावे. पारा तेवढ्यातही मोजता येतो. फुटलेल्या ट्यूबलाइट व थर्मामीटरमधला पारा नाल्यात जाऊ नये यासाठी ढाणकी नगरपंचायतीने ते वेगळे गोळा करावेत.

निकाल मराठीत, माशाच्या जातीनुसार जाहीर व्हावेत. मोघम इशारा दिला तर सगळ्याच माशांची विक्री थांबेल आणि मासेमारीवर पोट असलेली कुटुंबे उघड्यावर पडतील. नमुने घेण्यासाठी जाळी, होड्या आणि डोहांची माहिती आम्ही देऊ. पहिली तपासणी येत्या उन्हाळ्यात, पाणी आटण्याआधी व्हावी, ही विनंती.

आपले नम्र,
ढाणकी परिसरातील मच्छीमार व नागरिक

प्रत : महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मत्स्यव्यवसाय विभाग, वन विभाग, मुख्याधिकारी, नगरपंचायत ढाणकी