जन्मावर गुन्हा नोंदवता येत नाही

श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, पाथर्डीच्या शिवारात रात्री चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठे वळते, हे आपल्या जिल्ह्यात कोणालाही विचारा. गाडी पारध्यांच्या पालावर जाते. तपास नंतर सुरू होतो. झोपलेल्या माणसांना उठवून गाडीत घातले जाते, लेकरे रडतात, आणि घरची बाई अंधारात प्लास्टिकची पिशवी चाचपत राहते. तीत आधार कार्ड असते, कोणाचा तरी फोटो असतो. आपला माणूस चोर नाही, हे सिद्ध करणारा कागद तीत नसतो. असा कागद या देशात दुसऱ्या कोणालाही जवळ बाळगावा लागत नाही.

हा अन्याय अपघाताने घडलेला नाही. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, एवढाच त्यामागचा तर्क. संपूर्ण जमाती गुन्हेगार म्हणून नोंदल्या गेल्या. माणसांना हजेरी लागली, गाव सोडायला परवाना लागला, सोलापूरसारख्या ठिकाणी काटेरी तारांच्या सेटलमेंटमध्ये कुटुंबे कोंडली गेली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ म्हटल्या जाऊ लागल्या. पण १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला, आणि जुना संशय नव्या वहीत उतरला.

वर्ण युरोप-अमेरिकेत कातडीवर वाचतात. आपल्याकडे तो आडनावाआड शोधतात. भोसले, काळे, पवार, चव्हाण ही आडनावे पालावर आहेत, तशी वाड्यावरही आहेत. पालावरच्या काळ्याच्या नावापुढे मात्र बातमीत ‘पारधी’ जोडले जाते, ‘टोळी’ लिहिले जाते. २०१८ साली धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. जालना जिल्ह्यातल्या एका खटल्यात भटक्या जमातीच्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली फाशीची शिक्षा ठरवली. त्याच न्यायालयाने २०१९ साली त्या सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला सांगितले. फाशीच्या छायेत गेलेली वर्षे कोणत्या रकमेत मोजायची?

आम्ही मानतो की गुन्हा माणूस करतो, जमात करत नाही. आम्ही मानतो की संशयाला पुरावा लागतो आणि जन्म हा पुरावा नव्हे. हे आम्ही परक्या मुलखातून शिकलेलो नाही. हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियातून, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर याच नगरच्या निजामशाहीचा कारभारी झाला. जहांगीर बादशहा त्याच्या रंगावरून त्याला शिव्या देत राहिला, पण दख्खनचे मराठे सरदार त्याच्या बाजूने लढले. चौंडीच्या ज्या लेकीचे नाव आज जिल्ह्याला आहे, त्या अहिल्यादेवींनी भिल्लांना भिलकवडीचा, म्हणजे वाटसरूंकडून कर घेण्याचा, हक्क दिला आणि वाटसरूंच्या रखवालीची जबाबदारीही दिली. ज्यांना लुटारू म्हटले जात होते, त्यांच्याच हाती रस्ता सोपवला. हे नाव मिरवायचे तर ही रीतही मिरवली पाहिजे.

काळ वळतो आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातीवरची कामवाटणी घटनाबाह्य ठरवली आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असे पोलिसांना बजावले. तो निकाल दिल्लीत लागला. तो नगरच्या प्रत्येक ठाण्यात लागू करून घेणे हे आमचे काम आहे.

म्हणून आम्ही गावोगाव पथके उभारू. पालावर रात्री गाडी आली की गावातली चार माणसे तिथे जातील, अटकेचा कागद मागतील, साक्षीदार म्हणून सही करतील आणि चोवीस तासांत त्या माणसाला न्यायाधीशांपुढे उभे केले की नाही, हे पाहतील. मोठा पल्ला दाखल्यांचा आहे. अनुसूचित जमातीच्या दाखल्याला १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांना कोणत्याच गावाने टिकू दिले नाही, त्यांनी तो आणायचा कुठून? गृहचौकशी करून दाखले द्या, असा आमचा तहसीलदारांकडे आग्रह राहील, आणि गायरानातल्या पालांना घरकुलाची जागा मिळावी, असे ठराव आम्ही ग्रामसभांत मांडू. ठराव पडला तर पुढच्या सभेत पुन्हा मांडू. गुन्ह्याच्या बातमीत जात छापू नका, हे वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत जाऊन सांगू. ‘पालं पडलीत, कोंबड्या सांभाळा’ हे आपल्याच ओसरीवरचे बोलणे आपणच थांबवू.

येत्या ३१ ऑगस्टला, विमुक्त दिनी, आम्ही जिल्हाधिकारी कार्यालयासमोर जमणार आहोत. पालावरची माणसे पुढे बसतील आणि आधी तीच बोलतील. शिक्षक, वकील, ऊसतोड मजूर, सरपंच, निवृत्त पोलीस, कॉलेजातल्या मुली, सगळ्यांनी यावे. वर्गणी नाही. येताना आपल्या गावच्या शिवारात किती पाले आहेत, तिथली किती मुले शाळेत जातात आणि किती घरांकडे रेशन कार्ड आहे, हे तिथे जाऊन, विचारून, लिहून आणावे.