तास कुठून मोजायचा?

या आठवड्यात माझ्या फोनवर एकच नकाशा पाचसात जणांनी पाठवला. नागपूरहून निघालेली लाल रेघ भंडारा जिल्ह्यात शिरते, एक रेघ गोंदियाकडे जाते, दुसरी गडचिरोलीकडे. खाली ठळक अक्षरांत ‘भंडारा ते गडचिरोली फक्त एका तासात!’ पाठवणाऱ्यांत एक निवृत्त गुरुजीही होते. त्यांना स्वतःच्या गावाहून भंडाऱ्याला यायचं तर अर्धा दिवस मोडतो. त्यांनीही नकाशाखाली टाळ्यांची चित्रं लावली होती. जुने वाचक म्हणतील, आला हा पुन्हा एसटीवर. हो, आलो.

भंडारा-गडचिरोली या 94 किलोमीटरच्या प्रवेश नियंत्रित मार्गाला राज्य मंत्रिमंडळानं 2025 मध्ये मंजुरी दिली. रस्ता होईल, याबद्दल मला शंका नाही. समृद्धी महामार्गाचे 701 किलोमीटर आपल्यासमोर आहेत. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर-शिर्डी सुरू झाला, जून 2025 मध्ये इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पाही खुला झाला. मनावर घेतलं की सरकारकडून काम होतं, हे समृद्धीनं सिद्ध केलं. माझा राग तिथूनच सुरू होतो.

नकाशातला तास इंटरचेंजपासून इंटरचेंजपर्यंतचा आहे. लाखांदूर तालुक्यातल्या नदीकाठच्या एखाद्या गावातली बाई घ्या. पोराचं दिव्यांग प्रमाणपत्र काढायला तिला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात यायचं आहे. तपासणीचा वार ठरलेला असतो, तो चुकला की पुढच्या खेपेवर जातं. तिचा तास पहाटे फाट्यावर सुरू होतो. एसटी आली तर आली, नाहीतर काळीपिवळी. काळीपिवळीला वेळापत्रक नसतं, भरती असते. पुढं चौघं, मधे पाच, मागं जितकी मावतील तितकी झाल्याशिवाय चालक चावी फिरवत नाही. मग पवनीच्या नाहीतर साकोलीच्या स्टँडवर गाडी बदला, भंडाऱ्यात उतरा, रुग्णालयापर्यंत ऑटो करा. रांगेत नंबर येईस्तोवर जेवणाची सुट्टी होते. कागदावर सही-शिक्का झाला तरी जिवाला घोर असतो तो परतीच्या शेवटच्या गाडीचा. ती चुकली तर रात्र नातेवाइकाकडे, आणि भंडाऱ्यात नातेवाईक नसेल तर स्टँडवरच्या बाकड्यावर.

या बाईच्या दिवसातून नवा महामार्ग किती मिनिटं वाचवणार? तिच्या फाट्यावरून त्या रस्त्यावर चढता येणार नाही, कारण प्रवेश नियंत्रित म्हणजे ठरल्या जागीच चढायचं आणि ठरल्या जागीच उतरायचं. समृद्धीवर दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टरला मनाई आहे. आमच्या धानाच्या जिल्ह्यात माणूस दुचाकीवर जातो आणि धान ट्रॅक्टरवर. जमीन याच माणसाची जाणार, आणि उद्या तो पुलाखालच्या बोगद्यातून वाकून पलीकडच्या बांधीत जाणार. ‘रस्ता तिथे एसटी’ ही घोषणा ज्यांनी रंगवली, त्यांनी एसटीला थांबताच येणार नाही असा रस्ता कधी कल्पिला नसावा.

मला रस्त्याचं वावडं नाही. भंडाऱ्याचा बायपास मीच या जागेवरून मागत होतो. आता पंधराएक किलोमीटरचा सहापदरी रस्ता झाला, कोलकात्याकडे जाणारे ट्रक शहराबाहेरून जाऊ लागले, जीव मोकळा झाला. पण बायपासचा फायदा कुणाला, तर ज्याला भंडाऱ्यात थांबायचंच नाही त्याला. गेल्या काही वर्षांत या जिल्ह्यात जे जे मोठं झालं, ते जिल्हा ओलांडून जाणाऱ्यांच्या सोयीचं झालं, असं माझं ठाम मत आहे.

रेल्वेचंही तेच. 11 डिसेंबर 2022 ला पंतप्रधानांनी नागपुरात एकाच दिवशी समृद्धीचा पहिला टप्पा खुला केला आणि नागपूर-बिलासपूर वंदे भारतला हिरवा झेंडा दाखवला. तिच्या थांब्यांच्या यादीत गोंदिया होतं, भंडारा रोड नव्हतं. भंडारा रोड म्हणजे वरठी, शहरापासून दहाएक किलोमीटर. रात्री गाडीतून उतरलं की ऑटोवाला म्हणेल तो भाव. नागपूर ते भंडारा रोड ब्रॉडगेज मेट्रोचा करार 2018 सालचा. ती आली तरी वरठीलाच सोडणार, पुढचे दहा किलोमीटर आपले आपण बघा. पवनी रोडची छोटी गाडी तर नोव्हेंबर 2019 मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली, आणि पाच वर्षं उलटून गेली तरी पवनीकर काळीपिवळीतच.

1999 च्या महाराष्ट्र दिनी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्याच्या वाट्याला जंक्शन गेलं, बिरसीची धावपट्टी गेली, डिसेंबर 2023 मध्ये तिथून हैदराबादचं विमानही उडालं. एसटीचा विभाग मात्र भंडाऱ्याकडेच राहिला. गोंदिया आणि तिरोडा आगारांचा कारभार आजही इथूनच चालतो. त्यांच्याकडे विमान, आमच्याकडे विभाग नियंत्रकांचं कार्यालय. वाटणी बरोबरीचीच म्हणायची!

आता मुक्कामी गाडीबद्दल, ज्यांना कंटाळा आला असेल त्यांनी पान उलटावं. संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन एसटी गावात यायची आणि तिथंच मुक्काम करायची. चालक-वाहक समाजमंदिरात नाहीतर शाळेच्या ओसरीवर झोपायचे, कुणाच्या तरी घरून भाजी यायची. पहाटे इंजिनाची घरघर सुरू झाली की गाव समजायचं, आता निघायला हवं. दूधवाला, तारखेला निघालेला अशील, बाळंतिणीला बघायला जाणारी आई, सगळे त्याच गाडीत. ही गाडी तोट्यात होती, हे मला कुणी नव्यानं सांगू नये. बायपासच्या नफ्या-तोट्याचा हिशेब कुणी विचारला नाही, या गाडीचा मात्र दर महिन्याला विचारला गेला. मुक्कामी गाड्या आधीच गळत होत्या. 2021 च्या ऑक्टोबरात सुरू झालेला संप एप्रिलपर्यंत चालला, आणि त्या साडेपाच महिन्यांत गावं एसटीविना जगायला शिकली. संप मिटला तेव्हा बऱ्याच फेऱ्या परतल्याच नाहीत. करोनाआधी राज्यात 18 हजारांच्या घरात असलेला ताफा आज 15 हजारांच्या आसपास आहे. कात्री कुठे लागली, हे समजायला अहवाल लागत नाही. नागपूर गाडीवर नक्कीच नाही.

मार्च 2023 पासून बायांना अर्ध्या तिकिटाची सवलत आहे. त्याआधी पंच्याहत्तरी पार केलेल्यांना मोफत प्रवास मिळाला. दोन्ही योजना मला मनापासून आवडतात. पण परवा मोहाडीकडच्या एका फाट्यावर पानटपरीवाल्याला गाडीची वेळ विचारली, तर तो हसून म्हणाला, “तिकीट अर्धं आहे जी, गाडीबी अर्धीच येते. एक दिवसाआड.” जानेवारी 2025 मध्ये भाडंही जवळपास 15 टक्क्यांनी वाढलं. त्याबद्दल तो काही बोलला नाही. न येणाऱ्या गाडीचं भाडं कितीही वाढो.

शाळकरी मुलींसाठी मानव विकासच्या निळ्या बस आहेत, हे सांगायलाच हवं. जिथं त्या वेळेवर धावतात तिथं आठवीनंतर शाळा सोडणाऱ्या मुली टिकतात, हे शिक्षकच सांगतील. म्हणजे खेड्यापर्यंत बस नेणं अशक्य नाही. पण ही बस शाळेच्या घंटेला बांधलेली. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ती उभी राहते, आणि तिच्या भरवशावर इतर फेऱ्या बंद केलेल्या गावांचा संपर्क तेवढे दिवस तुटतो.

जिल्हा नियोजन समितीपुढं माझ्या दोनच मागण्या आहेत. भंडारा-गडचिरोली मार्गाच्या प्रत्येक इंटरचेंजला एसटीचा थांबा आणि आजूबाजूच्या गावांतून तिथवर येणारी फेरी, हे आत्ताच आराखड्यात लिहून घ्या. रस्ता झाल्यावर सुरक्षेचं कारण पुढं येईल. आणि वरठीला रात्री थांबणाऱ्या गाड्यांना जोडून भंडाऱ्याची एक बस ठेवा. याला ना भूसंपादन लागतं, ना केंद्राची परवानगी.

वाचकांना एक काम सांगतो. तुमच्या गावची मुक्कामी गाडी शेवटची कधी आली, ते वर्तमानपत्राच्या पत्त्यावर पोस्टकार्डानं कळवा. गावाचं नाव, तालुका आणि साल, एवढंच पुरे. 2021 च्या संपाआधी बंद झाली की नंतर, हे मात्र नक्की लिहा. यादी झाली की ती मी तालुकावार याच जागेवर छापणार आहे.