विश्लेषण : वजन उतरवायचे तर शस्त्रक्रिया की घरचा व्यायाम?

फेब्रुवारी २०२२. उज्जैनच्या एका कार्यक्रमात केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी तिथले खासदार अनिल फिरोजिया यांना भर व्यासपीठावरून सांगितले, वजन कमी करा. उतरवलेल्या प्रत्येक किलोमागे मतदारसंघाला हजार कोटी रुपये देतो. आपले स्वतःचे वजन १३५ किलो होते, ते ९३ वर आणले, असा दाखलाही त्यांनी दिला. फिरोजिया यांनी ते मनावर घेतले. पहाटे उठून चालणे, योगासने आणि आहाराचा तक्ता यांच्या जोरावर जूनपर्यंत १५ किलो आणि ऑक्टोबरपर्यंत ३२ किलो वजन घटवल्याचे त्यांनी सांगितले. ही बातमी देशभर गाजली.

त्याआधीची एक बातमी मात्र मागे पडली. सप्टेंबर २०११ मध्ये, भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, गडकरी यांच्यावर मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली होती. ती लपवलेली नव्हती, वर्तमानपत्रांत छापून आली होती. तरीही लोकांच्या डोक्यात राहिली ती पैज आणि घाम. वजन घामानेच उतरले पाहिजे, शस्त्रक्रिया म्हणजे पळवाट, हा समज आपल्याकडे इतका घट्ट आहे.

वरूडसारख्या गावात या समजाची किंमत रोज कोणीतरी मोजत असते. संत्र्याच्या बागेला पूर्वी पायी जाणारा माणूस आता दुचाकीवर जातो. दांडाने पाणी वळवण्याचे काम ठिबकने कमी केले, कचोरी आणि आलूबोंडा मात्र चौकात तसाच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आहेत. त्यांतल्या शंभर किलोच्या, गुडघे धरलेल्या, साखरेची गोळी सुरू असलेल्या माणसासमोर दोन रस्ते ठेवले जातात. एक नागपूर किंवा अमरावतीच्या रुग्णालयाकडे जातो, दुसरा घरातल्या चटईवर आणि मोबाइलवरच्या व्यायामाच्या व्हिडिओकडे.

पोटात नेमके काय केले जाते?

सर्वाधिक प्रचलित प्रकार म्हणजे ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’. दुर्बिणीतून जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळासारखी निमुळती नळी शिल्लक ठेवतात. ‘बायपास’मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. दोन्हींत चरबी काढली जात नाही. लायपोसक्शन ही वेगळी गोष्ट आहे, आणि ही गल्लत अजूनही होते.

पोट लहान झाले म्हणून माणूस कमी खातो, एवढेच यामागे नसते. भूक पेटवणारे ‘घ्रेलिन’ हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या ज्या भागात तयार होते, तोच भाग स्लीव्हमध्ये जातो. आतड्यांतून मेंदूला ‘पोट भरले’ असे सांगणारे संदेशही बदलतात. म्हणून अनेक रुग्णांची साखर वजन उतरण्याआधीच, पहिल्या काही दिवसांत खाली येते.

हे कोणासाठी?

इथे किलो नव्हे, बीएमआय पाहतात. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. समजा उंची १६५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपाच फूट आहे. आशियाई लोकांसाठी वर्षानुवर्षे वापरलेला निकष ३७.५ किंवा मधुमेहासारखा आजार असेल तर ३२.५ असा होता. या उंचीला तो अनुक्रमे १०२ आणि ८८ किलोच्या आसपास येतो. २०२२ मध्ये दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी निकष आणखी खाली आणले आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासून, म्हणजे ७५ किलोपासूनच, शस्त्रक्रियेचा पर्याय ठेवता येईल असे म्हटले.

मात्र ‘पर्याय ठेवता येईल’ आणि ‘करून घ्या’ यांत अंतर आहे. जाहिराती नेमके तेच पुसतात. ७८ किलोच्या, बाकी धडधाकट माणसाने जठर कापून घेण्याआधी दहा वेळा विचार करावा. १२० किलोच्या मधुमेही माणसाला ‘आधी सहा महिने दोरीवरच्या उड्या मारून बघ’ म्हणणारे त्याचे गुडघे आणि वर्ष दोन्ही वाया घालवतात.

घरच्या व्यायामाने किती उतरते?

याचे सर्वांत भक्कम उत्तर अमेरिकेतील ‘लुक अहेड’ या चाचणीत मिळते. २००१ मध्ये सुरू झालेल्या या चाचणीत जादा वजनाचे ५,१४५ मधुमेही सहभागी झाले. निम्म्यांना आठवड्याला १७५ मिनिटे व्यायाम, मोजून-मापून आहार आणि समुपदेशकाची सततची पाठराखण मिळाली. पहिल्या वर्षी त्यांचे वजन सरासरी ८.६ टक्क्यांनी घटले, पण आठव्या वर्षी घट ४.७ टक्क्यांवर आली. शंभर किलोच्या माणसाच्या हिशेबाने पहिल्या वर्षी आठ-नऊ किलो, आठ वर्षांनी जेमतेम पाच. तेही पाठीशी तज्ज्ञांची फळी असताना. वरूडमध्ये घरात एकट्याने करणाऱ्याच्या पाठीशी असतो तो मोबाइल, आणि ‘आज राहू दे’ म्हणणारे घर.

कारण साधे आहे. ९० किलोच्या माणसाने तासभर झपाझप चालून तीनशे कॅलरी जाळल्या, तर दोन आलूबोंडे आणि साखरेचा चहा ते काम उलटवायला पुरेसे असतात. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. आहाराला हात न लावता केवळ व्यायामाने मोठे वजन उतरवणे हे गणितातच बसत नाही.

मग खूपच तीव्र व्यायाम केला तर? त्याचाही प्रयोग झाला, तोही टीव्हीवर. ‘द बिगेस्ट लूजर’ या अमेरिकी कार्यक्रमातील स्पर्धक रोज कित्येक तास घाम गाळत. त्यांतील १४ जणांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीस आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ५८ किलोने उतरले होते. सहा वर्षांनी त्यांतील ४१ किलो परत आले होते. त्याहून धक्कादायक बाब अशी की विश्रांतीच्या वेळी त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होते. शरीराने उपासमार ओळखून खर्चाला कात्री लावली आणि सहा वर्षांनंतरही ती काढली नव्हती. ‘इच्छाशक्ती कमी पडली’ असा शेरा मारणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

याच मंडळींच्या पुढच्या पाहणीत दुसरी बाजूही दिसली. ज्यांनी वजन राखले, त्यांनी शारीरिक हालचाल कायमची कितीतरी वाढवलेली होती. वजन उतरवण्यात व्यायाम दुबळा पडत असेल, पण उतरलेले टिकवण्यात त्याला तोड नाही. शिवाय काटा हलला नाही तरी साखर, रक्तदाब, झोप आणि स्नायू यांना त्याचा फायदा होतोच. १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ चालवणाऱ्या आणि १९३६ मध्ये बर्लिनला आपले खेळाडू पाठवणाऱ्या अमरावतीला हे नव्याने सांगण्याची गरज नाही. फक्त आखाड्यातली मेहनत आणि शंभर किलोच्या, कधीही न धावलेल्या देहाने फरशीवर मारलेल्या उड्या या एकच गोष्ट नव्हेत.

चाळिशी ओलांडलेल्या, रक्तदाब किंवा साखर असलेल्या माणसाने तीव्र व्यायामाआधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी चालू असेल तर व्यायामाच्या भरात साखर घसरून भोवळ येऊ शकते. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला हात लावून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे आणि चालणे, इतक्यावर पहिले तीन महिने भागते. मे महिन्यात पारा ४५ कडे जातो तेव्हा चालणे पहाटेच उरकावे लागते किंवा घरात आणावे लागते.

शस्त्रक्रियेचे आकडे काय सांगतात?

स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांवर लठ्ठ लोकांवर लक्ष ठेवले गेले; निम्म्यांनी शस्त्रक्रिया केली, निम्म्यांनी नेहमीचे उपचार घेतले. शस्त्रक्रिया झालेल्यांचे वजन दोन वर्षांनी सरासरी २३ टक्के आणि वीस वर्षांनी १८ टक्के कमी होते. दुसऱ्या गटाचे जवळजवळ जिथल्या तिथे. २०२० मध्ये आलेल्या हिशेबानुसार शस्त्रक्रिया झालेले लोक सरासरी तीन वर्षे अधिक जगले. यातल्या बहुतेक शस्त्रक्रिया आज मागे पडलेल्या जुन्या प्रकारांच्या होत्या, हे विशेष.

मधुमेहाबाबत मात्र ‘साखर कायमची जाते’ हा दावा फुगवलेला आहे. अमेरिकेत १५० रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत पाच वर्षांनी तीन महिन्यांची साखर सहाच्या आत ठेवू शकले ते बायपासचे २९ टक्के, स्लीव्हचे २३ टक्के, आणि केवळ औषधे घेणारे ५ टक्के. फरक मोठा आहे, पण शस्त्रक्रियेनंतरही दहातले सात जण त्या रेषेपर्यंत पोहोचले नाहीत.

धोका किती? अनुभवी केंद्रांत पहिल्या महिन्यातील मृत्यूचे प्रमाण हजारात एक ते तीन असे आढळते. टाक्यांतून गळती, रक्तस्राव, पायांत गुठळी हे सुरुवातीचे धोके. पुढे पित्ताशयात खडे, स्लीव्हनंतर वाढणारी आम्लता. लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. तरुण स्त्रियांना बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळण्याचा सल्ला देतात. बायपासनंतर दारू फार लवकर चढते, हेही कुणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

वरूडमध्ये परतल्यावर

खरी परीक्षा इथे सुरू होते. वर्षाला अनेक शस्त्रक्रिया करणारा सर्जन बहुधा नागपुरात असतो. रुग्ण तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी येतो आणि मग मधले सुमारे शंभर किलोमीटर फार लांब वाटू लागतात.

आता एका वेळी चार-पाच घोटांपलीकडे पाणी जात नाही. दिवसाला दीड-दोन लिटर घोटाघोटाने संपवावे लागते. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात, बागेत काम करणाऱ्या माणसाने हे चुकवले तर दोन दिवसांत सलाइन लावण्याची वेळ येते. शक्य असेल तर शस्त्रक्रिया पावसाळा लागल्यावर करावी, हा सल्ला कोणत्याही पुस्तकात नसला तरी शहाणपणाचा आहे. संत्र्याच्या गावातली दुसरी पंचाईत अशी की सालपटासकट फोडी सुरुवातीचे काही आठवडे वर्ज्य असतात, कारण त्यांचे तंतू अरुंद नळीत अडकू शकतात. गोड रस घटाघट प्याल्यास बायपासच्या रुग्णाला घाम, धडधड, जुलाब होतात. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने हवीत. शिजलेल्या तुरीच्या वरणाच्या वाटीत सहा-सात ग्रॅमच असतात. शाकाहारी घरात दही, पनीर, सोयाबीन, हरभरा यांची मोट बांधावी लागते. आणि पंगतीतल्या वाढप्याला ‘नको’ म्हणण्याची सवय घरच्या सगळ्यांनाच लावावी लागते.

पैशाचा प्रश्न याहून टोकदार आहे. खासगी रुग्णालयात खर्च काही लाखांत जातो. विमा नियामकाच्या २०१९ च्या प्रमाणित शब्दरचनेनुसार बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असेल, अथवा ३५ किंवा त्याहून अधिक असून हृदयविकार, तीव्र स्लीप अॅप्निया किंवा आटोक्यात नसलेला टाइप-२ मधुमेह असेल, आणि साधे उपाय फसले असतील, तरच हा खर्च वगळण्यातून सूट मिळते. आपल्या साडेपाच फुटी माणसासाठी ही रेषा अनुक्रमे १०९ आणि ९५ किलो होते. म्हणजे डॉक्टर ८८ किलोला ‘योग्य रुग्ण’ म्हणतील आणि विमा कंपनी ‘अजून नाही’ म्हणेल. ही आशियाई शरीरांवर युरोपीय मापाची सक्ती आहे. नियामकाने ती बदलायला हवी. तोवर बाग गहाण टाकून शस्त्रक्रिया करण्याचा विचार करणाऱ्याने एक हिशेब आधी मांडावा : शस्त्रक्रियेच्या रकमेवर पुढच्या पाच वर्षांच्या गोळ्या, रक्ततपासण्या आणि नागपूरच्या फेऱ्या.

२०२५ मध्ये वजन उतरवणारी इंजेक्शने भारतात आली आणि तिसरा रस्ता उघडला. ती प्रभावी आहेत, पण थांबवली की वजन परतते; दरमहाचा खर्चही हलका नाही.

गंभीर लठ्ठपणा आणि मधुमेह एकत्र असतील, तर आकडे शस्त्रक्रियेच्या बाजूने स्पष्ट आहेत आणि त्याला पळवाट म्हणणे अडाणीपणा आहे. वजन मधल्या पट्ट्यात असेल, तर आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली सहा महिने ते वर्ष नेटाने द्यावे. ते वाया जात नाही, कारण पुढे शस्त्रक्रिया झालीच तर स्नायू वाचवायला तोच व्यायाम लागतो. सर्जनकडे जाताना ‘किती किलो उतरतील?’ याआधी दोन प्रश्न विचारावेत. तुमच्या किती रुग्णांचे पाच वर्षांनंतरचे वजन तुमच्याकडे नोंदलेले आहे? आणि रात्री दोनला वरूडमध्ये उलटी थांबेना झाली, तर फोन कोण उचलेल?