पालकत्वाचा न्यास

वयाची अठरा वर्षे पूर्ण झाली की मूल कायद्याने सज्ञान होते. बहुतेक घरांत तो दिवस आनंदाचा असतो. परंतु ज्या घरात स्वमग्न, बहुविकलांग वा बौद्धिक अक्षमता असलेले अपत्य आहे, तेथे त्या दिवसापासून एक वेगळीच अडचण सुरू होते. कालपर्यंत मुलासाठी बँकेत चालणारी आईची स्वाक्षरी आज चालत नाही. जन्मदात्यांचा अधिकार रक्ताच्या नात्याने आयुष्यभर चालू राहतो, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. कायदा मात्र तसे मानत नाही.

१८९० चा पालक व पाल्य अधिनियम आणि १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम हे दोन्ही केवळ अज्ञान मुलांपुरते आहेत. मृत्युपत्राद्वारे पालक नेमण्याची १९५६ च्या कायद्यातील सोयदेखील मूल सज्ञान होताच संपते. ‘माझ्यामागे याला धाकटा सांभाळील’ असे मृत्युपत्रात लिहून निश्चिंत झालेल्या वडिलांनी हे ध्यानी घ्यावे.

हीच उणीव ओळखून संसदेने १९९९ साली राष्ट्रीय न्यास अधिनियम संमत केला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी तो आहे. त्यानुसार स्थानिक स्तर समितीकडे आईवडील किंवा नातेवाईक अर्ज करू शकतात आणि आपल्या पसंतीच्या व्यक्तीचे नाव पालक म्हणून सुचवू शकतात. जिल्हाधिकाऱ्याहून कमी दर्जाचा नसलेला अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि स्वतः अपंगत्व असलेली एक व्यक्ती, असे तिघे या समितीत असतात. पालकाची खरोखरच गरज आहे काय, आणि असल्यास कोणत्या कामांसाठी, हे समितीने पाहावयाचे असते.

नेमणुकीनंतर सहा महिन्यांत पाल्याच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी जमाखर्च सादर करणे पालकावर बंधनकारक आहे. ‘आमच्याच लेकराचा हिशेब आम्ही सरकारला का द्यावा?’ असा सल अनेक मातापित्यांच्या मनात उमटतो. तो समजण्याजोगा आहे. परंतु ही तरतूद आईच्या मायेवरील अविश्वास नव्हे. आई नसेल तेव्हा तिच्या जागी येणाऱ्यावर कोणाची तरी नजर असावी, यासाठी ती आहे. हेळसांड अथवा अपहार करणाऱ्या पालकाला दूर करण्याची सोयही याच कायद्यात आहे.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने याच्या पुढचे पाऊल टाकले. त्यातील पालकत्व ‘मर्यादित’ आहे : ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक काळापुरते आणि पाल्याच्या इच्छेला धरून. यात मोठा अर्थ आहे. ज्याला बँकेचा व्यवहार उमगत नाही, त्याला कोणाजवळ राहावेसे वाटते, कोणते काम आवडते, कोणाची भीती वाटते, हे बहुधा नेमके ठाऊक असते. त्याला विचारण्याची तसदी आपण घेतो काय? पालकत्व हा न्यास आहे; त्यात स्वामित्वाला स्थान नाही.

पूर्वी एकत्र कुटुंबात काका, आत्या, चुलतभाऊ यांच्या आधाराने असे मूल सांभाळले जाई. आज दोन खोल्यांच्या सदनिकेत वृद्ध आईवडील आणि चाळिशीचा मुलगा एवढेच उरतात. दुसरे अपत्य परदेशी असते. ‘आमच्यानंतर कोण?’ हा प्रश्न ते रात्री एकमेकांनाही विचारीत नाहीत. कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील अशी घरे शोधावीत. अर्ज भरण्यास साहाय्य करावे, जिल्हाधिकारी कार्यालयात सोबत जावे. भावंडांनीही गृहीत धरले जाण्याची वाट न पाहता आपली तयारी, वा असमर्थता, आताच स्पष्ट सांगावी. आईवडिलांच्या हयातीत झालेला अप्रिय संवाद त्यांच्या पश्चात होणाऱ्या परवडीपेक्षा केव्हाही बरा. कुटुंबव्यवस्थेचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाची कसोटी अशाच घरांच्या उंबरठ्यावर लागत असते.