पुन्हां विज्ञानाच्या वर्गांत

‘गेलेली वेळ परत येत नाहीं’ हें वचन आपण मुलांस इतक्या वेळां ऐकवितों कीं, त्याचा एक विपरीत परिणाम आपल्या ध्यानांतच येत नाहीं. दहावीनंतर कोणत्या शाखेस जावें हें ठरवितांना मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा असतो. घरच्या अडचणीनें, मित्रांच्या नादानें, अथवा जवळपास दुसरी सोय नाहीं म्हणून तो विज्ञान सोडून अन्य शाखेंत जातो. पुढें पदवी घेतो, कोठें औषधांच्या दुकानांत, कोठें पतसंस्थेंत कामास लागतो. आणि बाविसाव्या-तेविसाव्या वर्षीं त्यास कळून येतें कीं, आपणांस डॉक्टर व्हावयाचें होतें. तो हें घरीं बोलून दाखवितो तेव्हां हेंच वचन त्याच्यापुढें टाकलें जातें. एवढा घोडा झालास, आतां पोरांच्या बाकावर बसणार काय, असें आई विचारते. वडील कांहींच बोलत नाहींत, आणि तें त्याला अधिक लागतें.

माझें मत असें आहे कीं, अशा मुलास, आणि मुलीस तर अधिकच, विज्ञानाच्या वर्गांत परत जाऊं द्यावें. मात्र तीं परत जाणार कोठें, इकडे पालकांनीं नीट लक्ष द्यावें. कारण आज ‘सायन्सला जाणें’ याचा अर्थ बहुतेक ठिकाणीं वर्गांत जाणें असा राहिलेलाच नाहीं.

नियमांची आडकाठी पूर्वीं होती, ती आतां बरीचशी दूर झाली आहे. १९९७ च्या नियमांप्रमाणें अकरावी-बारावीचीं दोन्ही वर्षें पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय नियमितपणें, प्रयोगांसह शिकलेल्यांसच वैद्यकाचा मार्ग मोकळा असे. ज्यानें बारावीस गणित घेऊन जीवशास्त्र सोडलें, त्याला दार बंद. राष्ट्रीय वैद्यक आयोगानें नोव्हेंबर २०२३ मध्यें हा निर्बंध सैल केला. बारावी झाल्यावर जीवशास्त्र हा जादा विषय घेऊन उत्तीर्ण होणारासही ‘नीट’ परीक्षेस बसण्याची मुभा मिळाली. सर्वसाधारण उमेदवारास पंचवीस वर्षांची जी वयोमर्यादा घातलेली होती, ती २०२२ मध्यें काढून टाकण्यांत आली. तेव्हां ‘आतां वय झालें’ असें सरकार म्हणत नाहीं. म्हणतों ते आपणच.

डॉ. रखमाबाई यांचें नांव पुष्कळांनीं ऐकलें असेल, पण तें त्यांच्या खटल्यासाठीं. त्यांच्या अभ्यासाची हकीकत कोणी फारशी सांगत नाहीं. त्यांचा जन्म १८६४ सालीं झाला आणि अकराव्या वर्षीं दादाजी भिकाजी यांच्याशीं त्यांचें लग्न लावण्यांत आलें. आईनें पुनर्विवाह केलेला होता. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईंतील नामांकित डॉक्टर व वनस्पतिशास्त्राचे जाणते. रखमाबाई सासरीं न जातां त्यांच्याच घरीं राहिल्या. १८८४ सालीं नवऱ्यानें हक्काचा दावा लावला. १८८५ मध्यें न्यायमूर्ति पिन्हे यांनीं तो फेटाळला. पण अपिलानंतर प्रकरण पुन्हां उभें राहिलें, आणि १८८७ मध्यें न्यायमूर्ति फॅरन यांनीं निकाल दिला कीं, नांदावयास जावें, नाहींतर सहा महिने तुरुंगांत बसावें. तुरुंग पत्करीन, असें त्या बाईंनीं कळविलें. अखेर १८८८ मध्यें दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. ज्या वर्षांत शिकावयाचें, तीं ऐन उमेदीचीं वर्षें कोर्टाच्या पायऱ्या झिजविण्यांत गेलीं. तरी घरीं वाचन चालू होतें. पुस्तकें मिशनच्या ग्रंथालयांतून येत. मुंबईच्या कामा इस्पितळांतील डॉ. एडिथ पीची यांनीं उत्तेजन दिलें, वर्गणी जमली, आणि १८८९ मध्यें वयाच्या चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षीं रखमाबाई विलायतेस जाऊन लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयांत दाखल झाल्या.

जिच्या नांवानें हिंदुस्थानांतील आणि इंग्लंडांतील वर्तमानपत्रांचे रकाने भरले होते, ती बाई पंचविशींत पुन्हां पहिल्या धड्यापासून आरंभ करिते, हें चित्र विद्यार्थ्यांनीं जरा मनांत आणून पाहावें. वैद्यकाच्या त्या काळच्या अभ्यासक्रमांतही रसायन, पदार्थविज्ञान, वनस्पतींची व प्राण्यांची रचना हे विषय आधीं, आणि रोगी मागाहून. १८९४ मध्यें त्या डॉक्टर झाल्या, परत आल्या, आणि सुरत व राजकोट येथें त्यांनीं तीस वर्षांहून अधिक काळ स्त्रियांच्या रुग्णालयांत काम केलें. १९५५ मध्यें त्या वारल्या तेव्हां नव्वदी ओलांडलेल्या होत्या.

ही गोष्ट मुंबईची खरी, पण ती आपल्या बीड जिल्ह्यास फार जवळची आहे. दसऱ्यानंतर येथील हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. वयांत आलेली मुलगी मागें एकटी ठेवावी कशी, या काळजीनें तिचें लग्न उरकून टाकण्यांत येतें. पंचविशीच्या आंत ती दोन लेकरांची आई होते. तिला परत शिकावेंसें वाटलें तर घर म्हणतें, झालें तें झालें. आणि याच घरांतील स्त्रियांस चांगल्या डॉक्टरांची किती गरज आहे, तें पाहा. २०१९ मध्यें डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढें जी पाहणी आली, तींत जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकीं १३,८६१ स्त्रियांचें गर्भाशय शस्त्रक्रियेनें काढून टाकलेलें आढळलें. फडांत दिवसभर वाकून मोळ्या बांधणाऱ्या बाईस तिच्या दुखण्याचें कारण तिच्याच भाषेंत समजावून देणारें, आणि सुरीला हात घालण्यापूर्वीं औषधाचा विचार करणारें माणूस कोठून यावयाचें? शहरांतील हुशार मुलांनीं येथें येऊं नये असें मी म्हणत नाहीं. पण जिनें कोपींत राहून आईचें दुखणें पाहिलें आहे, जी चार वर्षें परिचारिका म्हणून राबली आहे, तिला रोग्याशीं कसें बोलावें हें कोणी शिकवावें लागत नाहीं. तिचें अडतें तें भिंगाच्या सूत्राशीं आणि पेशीच्या रचनेशीं. आणि तें वर्गांत बसून शिकतां येतें.

मोठ्या वयांत वर्गांत बसणें किती अवघड, हें मात्र कोणी लपवूं नये. आफ्रिकेंतील लांबारेने येथील रुग्णालयामुळें जगप्रसिद्ध झालेले डॉ. आल्बर्ट श्वाइत्झर १९०५ मध्यें तीस वर्षांचे होते. स्ट्रासबुर्ग विद्यापीठांत अध्यापक, ग्रंथकार, शिवाय ऑर्गन वाजविण्यांत नांव झालेलें. त्यांनीं वैद्यकाच्या पहिल्या वर्गांत बसण्याचें ठरविलें तेव्हां आप्तमित्रांनीं कपाळाला हात लावला. अडचणही मोठी गमतीची निघाली: ते विद्यापीठाचेच अध्यापक असल्यानें त्यांस विद्यार्थी म्हणून दाखल करतां येईना! शेवटीं, वैद्यकाच्या अध्यापकांनीं हजेरीचा दाखला द्यावा आणि त्यावर त्यांनीं परीक्षेस बसावें, अशी तोड काढण्यांत आली. पदार्थविज्ञान, रसायन, प्राणिशास्त्र यांत ते असे रमले कीं, १९०८ मधील पहिली परीक्षा तोंडावर आली तरी त्यांचें लक्ष शुद्ध शास्त्राकडेच. सोबतच्या विद्यार्थ्यांनीं आग्रह करून अखेरच्या कांहीं आठवड्यांत त्यांस एका घोकंपट्टीच्या मंडळांत नेलें. परीक्षक काय विचारतात आणि त्यांस कोणतें उत्तर आवडतें, याची तेथें उजळणी होत असे. श्वाइत्झर यांनीं हें स्वतःच लिहून ठेविलें आहे. १९१३ मध्यें ते डॉक्टर होऊन आफ्रिकेस गेले.

मला या हकीकतींत प्रमाण फार आवडतें. अडीच-तीन वर्षें विज्ञान, आणि अखेरचे कांहीं आठवडे परीक्षेची युक्ति! आपल्याकडे नेमकें उलट झालें आहे. कनिष्ठ महाविद्यालयांत नुसतें नांव घालावयाचें, तेथें प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशीं तोंड दाखवावयाचें, आणि उरलेलें सारें वर्ष क्लासांत प्रश्नपत्रिका सोडवीत काढावयाचें. २०२५ च्या ‘नीट’मध्यें १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवावयाचे होते, त्यांत ९० जीवशास्त्राचे. बरोबर उत्तरास चार गुण मिळावयाचे, चुकल्यास एक कापला जावयाचा. अशा परीक्षेस सराव हवा, हें कोणीही नाकारणार नाहीं. पण सूक्ष्मदर्शक यंत्रास एकदांही डोळा न लावतां ते नव्वदही प्रश्न सुटूं शकतात, ही गोष्ट मला भयंकर वाटते. परीक्षेनें प्रयोगास किंमत दिली नाहीं, म्हणून रोग्याच्या खाटेपाशीं त्याची किंमत थोडीच कमी होते?

ब्युरेटमधून थेंब थेंब सोडतां सोडतां एकाच थेंबानें चंबूंतील पाण्याचा रंग पालटतो, तें ज्यानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें आहे, त्याला रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद मर्यादेंत राखण्यासाठीं शरीर किती धडपडतें, हें चटकन् उमगतें. मधुमेहाचा अत्यवस्थ रोगी खोल खोल श्वास कां घेत आहे, तेंही त्याला उमगतें. दुसरा तें पाठ करून विसरतो. आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यांतील देहेड या खेड्यांत जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर कोंकणांत बिरवाडीच्या सरकारी आरोग्यकेंद्रांत होते, तेव्हां लाल विंचवाच्या दंशानें माणसें दगावत. ते रोग्यांच्या उशाशीं बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांची नोंद करीत राहिले. या विषाचा मारा हृदयावर होतो आणि फुफ्फुसांत पाणी भरून रोगी जातो, हें त्यांनीं ओळखलें; त्यांचीं निरीक्षणें १९८२ मध्यें ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकीय पत्रांत छापून आलीं. पुढें प्राझोसिन हें रक्तदाबावरील औषध त्यांनीं यावर योजिलें आणि मृत्यूंचें प्रमाण पुष्कळच खालीं आलें. यांत कोठेंही चार पर्यायांतून एक निवडावयाचा नव्हता.

आतां पैशाचा प्रश्न. २०२४ मध्यें ‘नीट’ला तेवीस लाखांहून अधिक मुलें बसलीं, एमबीबीएसच्या जागा साऱ्या देशांत सुमारें एक लाख, आणि त्यांतील सरकारी, म्हणजे आपल्यासारख्यांस परवडण्याजोग्या, साधारण निम्म्या. वीस-बावीस मुलांमागें एक जागा. तेव्हां परत जाणाऱ्या मुलानें आणि त्याच्या वडिलांनीं आरंभींच बसून मुदत ठरवावी. दोन वर्षें विज्ञानाचा अभ्यास आणि दोन वेळां परीक्षा, एवढें माझ्या मतें पुरे. चवथ्या-पांचव्या खेपेसाठीं जमिनीचा तुकडा गहाण टाकणाऱ्या पालकांचा मोह मला समजतो. पण त्या मुलाचें तारुण्यही त्याबरोबर गहाण पडतें. वर्गांत आणि प्रयोगशाळेंत शिकलेल्याचें एक बरें असतें. एमबीबीएस लाभलें नाहीं तरी शुश्रूषा, औषधनिर्माण, रक्त-लघवी तपासणीचें काम, बी. एस्‌सी., यांपैकीं कांहीं ना कांहीं त्याच्या हातीं लागतें. ज्यानें केवळ प्रश्न घोकले, त्याच्यापाशीं प्रश्नपत्रिकांची रद्दी उरते.

मागल्या पिढ्यांचें काय होतें, हेंही मुलांनीं जाणून घ्यावें. बीड जिल्हा निजामी राज्यांत होता तेव्हां मोठें शिक्षण घेण्यास हैदराबाद गांठावें लागे. १९१८ मध्यें स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत वैद्यकही उर्दूंतून शिकवीत. घरीं मराठी बोलणाऱ्या मुलानें आधीं ती भाषा पक्की करावी, मग शारीरशास्त्राच्या वाटेस जावें! मराठवाड्यांतील सरकारी वैद्यक महाविद्यालय १९५६ मध्यें औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास निघालें, आणि आपल्या अंबाजोगाईस १९७४ मध्यें. खेड्यांतील लोकांसाठीं म्हणून काढलेल्या त्या महाविद्यालयास स्वामी रामानंद तीर्थ यांचें नांव आहे. स्वामीजी त्याच गांवीं योगेश्वरी विद्यालयांत शिक्षक होते. आज केजचा मुलगा एसटीनें तासाभरांत तेथें पोंचतो. अंतर उरलें आहे तें अकरावी-बारावीच्या विज्ञानाचें.

तें तोडण्याचें साधन मात्र जिल्ह्यांत ठिकठिकाणीं कुलुपांत पडलेलें आहे. कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा दुपारनंतर बंद होतात, आणि नोकरी करणारास सवड मिळते ती नेमकी त्यानंतर. औषधांच्या दुकानांत काम करणारा तरुण, रुग्णालयाची पाळी संपवून येणारी परिचारिका, लेकराला सासूपाशीं ठेवून येणारी सून, यांस सायंकाळीं दोन तास, एक शिक्षक, एक प्रयोगशाळा-सेवक, चार सूक्ष्मदर्शक आणि कांहीं चंबू-नळ्या मिळाल्या तर पुष्कळ होईल. त्यासाठीं नवी इमारत नको, मोठें अनुदानही नको. बीड, अंबाजोगाई, परळी, गेवराई, माजलगांव, आष्टी अशा प्रत्येक तालुक्याच्या गांवीं निदान एका कनिष्ठ महाविद्यालयानें येत्या जूनपासून आठवड्यांतून दोन सायंकाळीं आपली प्रयोगशाळा अशा विद्यार्थ्यांसाठीं उघडी ठेवावी, आणि तिची वेळ बाहेरच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहून लावावी.